डार्करूममधले फाळके

मोरगावला मयूरेश्वराचं दर्शन घेऊन नगारखान्याच्या पायऱ्या उतरलं की समोरच्या दुकानांतून नारळ, दूर्वा, पेढे आणि फ्रेम केलेले फोटो एकाच वेळी नजरेत भरतात. आठही विनायक एका चौकटीत बसवलेला फोटो सगळ्यात जास्त खपतो. अष्टविनायकाची यात्रा इथून सुरू होते. निघताना नारळ फोडायचा आणि परतताना एक फोटो घरी न्यायचा, असं कित्येक घरांत पिढ्यानपिढ्या चालत आलं आहे. हा फोटो देवघराच्या वरच्या भिंतीवर लागतो, दसऱ्याला त्याला झेंडूचा हार पडतो, आणि काच तडकली तरी कुणी तो टाकून देत नाही.

पण देव असा कागदावर छापून घरोघरी पोचू लागला त्याला फार काळ लोटलेला नाही. त्याआधी घरात पितळेच्या मूर्ती असत, चांदीचे टाक असत, गणपतीत शाडूची मूर्ती येई. रंगीत छापील देव आले ते लिथो छापखान्यांतून. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या मित्रांनी १८७८ साली चित्रशाळा काढली. १८९४ साली राजा रविवर्म्यानं मुंबईत स्वतःचा छापखाना उभारला आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती देशभर पोचल्या. प्लेगच्या दिवसांत हा छापखाना मुंबईतून उठून लोणावळ्याजवळ मळवलीला आला. मोरगावच्या दुकानातल्या फोटोचं मूळ गाव शोधायचं तर असं पुणे जिल्ह्यातच, मावळात सापडतं. जिल्ह्याच्या पूर्वेला कऱ्हाकाठचं कोरडं मोरगाव आणि पश्चिमेच्या टोकाला, घाटमाथ्यावर, चार महिने धुक्यात आणि पावसात बुडालेलं लोणावळं.

त्या लोणावळ्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एक फोटोग्राफर या छपाईच्या कामात राबत होता. धुंडिराज गोविंद फाळके त्याचं नाव. वय पस्तिशीच्या पुढे. पुढं जग त्याला दादासाहेब म्हणणार होतं, भारतीय सिनेमाचा जनक म्हणणार होतं, त्याच्या नावानं देशातला सिनेमाचा सर्वोच्च पुरस्कार दिला जाणार होता. पण ‘राजा हरिश्चंद्र’ हा त्यांचा चित्रपट पडद्यावर आला तेव्हा फाळके त्रेचाळिशीत होते. त्याआधीची वीस-बावीस वर्षं कॅमेरा, काच, रसायनं, शाई आणि दगड यांत गेली. चरित्रं लिहिणारे बहुतेक जण ही वर्षं घाईघाईनं उरकतात. धंदे बदलले, भागीदार बदलले, एकही टिकला नाही, आणि मग १९१३ साल उजाडलं, अशी ती मांडणी असते. मला ती अन्यायाची वाटते. आपल्याकडच्या सिनेमाची खरी तयारी याच वर्षांत, लहान गावांतल्या डार्करूममध्ये झाली. फाळके हाडाचे फोटोग्राफर होते म्हणूनच ते सिनेमा करू शकले.

जन्म ३० एप्रिल १८७०चा, ब्रह्मगिरीच्या पायथ्याच्या त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवण्याची नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईला आलं. धुंडिराज १८८५ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला, तिथून थोरल्या भावाबरोबर बडोद्याला गेला. सयाजीराव गायकवाडांनी तिथं कलाभवन सुरू केलं आणि त्याचे प्रमुख होते प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. हा मोठा रसायनशास्त्रज्ञ. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला कुणी डांबर फासलं तेव्हा ते डाग काढून दाखवणारे हेच गज्जर. रसायनं घेऊन चित्र कसं उमटतं हे फाळके अशा माणसाच्या हाताखाली शिकले. गज्जरांनी त्यांना तिरंगी ठसे आणि फोटोलिथो शिकायला रतलामला पाठवलं, आणि परत आल्यावर कलाभवनाचा स्टुडिओ व प्रयोगशाळा वापरायची मोकळीक दिली. १८९२ च्या अहमदाबादच्या प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीबद्दल फाळक्यांना सुवर्णपदक मिळालं. त्यांच्या कामावर खूश होऊन एका चाहत्यानं त्यांना किमती कॅमेरा भेट दिला.

हा काळ फोटोग्राफरांसाठी जरा सुखाचा होता. त्याआधीच्या पिढीला ओल्या काचेचा खटाटोप करावा लागे. फोटो काढायच्या आधी काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, आणि ओली असेतोवरच फोटो घेऊन तिथल्या तिथं धुवायची. त्यासाठी फोटोग्राफरबरोबर तंबू आणि बाटल्यांची पेटी फिरे. १८८० नंतर जिलेटिनच्या तयार कोरड्या काचा बाजारात आल्या आणि तंबूची गरज संपली. लहान गावात एकट्या माणसाला फोटोचं दुकान चालवता येऊ लागलं ते या काचांमुळे. फाळक्यांनीही तेच केलं. १८९५ च्या सुमारास त्यांनी पंचमहालातल्या गोध्र्याला जाऊन स्टुडिओ थाटला.

गोध्र्यात प्लेगनं त्यांची पत्नी आणि मूल नेलं. ते बडोद्याला परतले, पुन्हा फोटोग्राफीचाच धंदा मांडला, पण गिऱ्हाईक येईना. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो, फोटो काढला की आयुष्य कमी होतं, अशी समजूत होती आणि ती नुसती खेड्यापाड्यांतली नव्हती. राजघराण्यातल्या माणसांची समजूत घालायची वेळही फाळक्यांवर आली. ज्या माणसानं प्लेगमध्ये घर गमावलं त्यानं दारोदारी जाऊन लोकांना सांगायचं, की या पेटीसमोर बसल्यानं कुणी मरत नाही. मला हा प्रसंग त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात कठीण वाटतो. त्याच सुमारास त्यांनी जादूचे प्रयोग शिकून घेतले. पुढं आडनाव उलटं करून ‘प्रो. केळफा’ या नावानं ते खेळ करत. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवून दिले. १९०२ साली दुसरं लग्न झालं; गिरिजा करंदीकर सरस्वतीबाई फाळके झाल्या. या बाईंबद्दल पुढं सविस्तर लिहायचं आहे.

१९०३ साली पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी मिळाली. लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत या खात्याला नवा जोर आला होता, १९०४ साली प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा कायदा झाला, आणि लेणी, देवळं, शिलालेख यांची नोंद करायची तर फोटोग्राफर लागतच. काळ्या दगडात कोरलेलं शिल्प फोटोत उठून दिसायला उजेड कुठून किती पडतो हे पाहावं लागतं. लेण्याच्या आत ऊन पोचत नाही. मग पांढऱ्या कापडानं किंवा आरशानं ते आत वळवायचं, काच मिनिटं-मिनिटं उघडी ठेवायची, आणि तोवर कॅमेऱ्याची तिपाई हलू द्यायची नाही. अशा कामात माणसाच्या डोळ्यांना सावलीची भाषा कळू लागते. ‘राजा हरिश्चंद्र’च्या शूटिंगच्या वेळी सरस्वतीबाई उन्हात तासन्‌तास पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत, असं सांगतात. ती युक्ती फोटोग्राफरची आहे.

वंगभंगानंतर स्वदेशीची लाट आली. फाळक्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि १९०६ च्या सुमारास लोणावळ्यात, भांडारकर यांच्या भागीदारीत, ‘फाळके एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स’ सुरू केलं.

लोणावळंच का, याचं उत्तर रुळांत आणि मळवलीत आहे. बोरघाटातली रेल्वे १८६३ साली सुरू झाली आणि हे घाटमाथ्यावरचं लहानसं गाव मुंबई आणि पुणे दोन्हीकडून हाताशी आलं. काम मिळणार होतं ते रविवर्मा प्रेसचं. तोवर तो छापखाना रविवर्म्याकडे राहिला नव्हता; फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञानं तो विकत घेतला होता. लोकलनं गेलात तर पुण्याकडून मळवली हे लोणावळ्याच्या अलीकडचं स्टेशन. लोक तिथं लोहगड, विसापूर आणि भाज्याची लेणी पाहायला उतरतात. ज्या छापखान्यानं मराठी घरांच्या भिंती देवांनी भरल्या तो याच परिसरात होता, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. तो १९७२ साली आगीत जळाला.

रविवर्म्याच्या चित्राचा रंगीत छाप काढायचा म्हणजे जुन्या पद्धतीनं कसबी चितारी दगडावर ठिपका-ठिपका करून चित्र उतरवायचा. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. साडीचा किरमिजी, अंगाचा गव्हाळ, कमळाचा गुलाबी, असे एकेक दगड चढत जायचे. काम देखणं व्हायचं, पण महिने लागायचे, आणि चेहरा किती मूळचा राहील हे चिताऱ्याच्या हातावर अवलंबून. फाळके करत ते फोटोलिथो ट्रान्स्फर. त्यात चित्र दगडापर्यंत कॅमेऱ्यानं पोचतं.

ही कृती पायरीपायरीनं सांगतो, कारण फाळक्यांची शिस्त तिच्यात दिसते. आधी मूळ चित्राची काचेवर निगेटिव्ह घ्यायची. मग जिलेटिनचा थर दिलेला कागद पोटॅशियम बायक्रोमेटच्या पिवळसर-नारिंगी द्रावणात भिजवून अंधारात वाळवायचा. वाळला की तो उजेडाला हळवा होतो. निगेटिव्हखाली दाबून उन्हात धरला, की जिथं उजेड लागला तिथलं जिलेटिन कडक होतं आणि पाणी पीत नाही. जिथं लागला नाही तिथलं पाण्यात फुगतं. आता साऱ्या कागदावर तेलकट शाईचा हात फिरवायचा, सगळा कागद काळा करून टाकायचा, आणि तो पाण्यात सोडून हलक्या हातानं पुसायचा. फुगलेल्या भागावरची शाई सुटून येते आणि कडक झालेल्या रेषा तेवढ्या शाई धरून राहतात. काळ्या कागदातून लक्ष्मीचा हात, कमळाची पाकळी, हत्तीची सोंड बाहेर येते. मग हा कागद लिथोच्या दगडावर उलटा दाबायचा. दगड शाईतलं तेल पितो. पुढं तेल आणि पाण्याचं वैर आपलं काम करतं. ओल्या दगडावर शाई फक्त त्या रेषांनाच धरते आणि छपाई सुरू होते.

आता हेच काम लोणावळ्याच्या श्रावणात करून पाहा. ऊन दिवसचे दिवस दिसत नाही. भिजवलेला कागद वाळायला वेळ लागतो, आणि रेंगाळत वाळलेला बायक्रोमेटचा कागद डागाळतो, खराब होतो. दमट हवेत जिलेटिनला बुरशी धरते. त्याहून मोठी अडचण कागद फुगण्याची. पहिल्या रंगाच्या वेळी कागद जेवढा होता, तिसऱ्या रंगाला तो ओलाव्यानं किंचित वाढलेला असतो; मग ओठाचा लाल ओठावर न पडता हनुवटीकडे सरकतो. छापखान्यातली माणसं याला रजिस्टर चुकलं म्हणतात. केसभर चूक झाली तरी देवीचा चेहरा बिघडतो, आणि देवीचा बिघडलेला चेहरा कुणी विकत घेत नाही. पावसाळी गावात ही विद्या ज्यानं पोटापाण्यासाठी केली त्याच्या हाताला हवा, ओल आणि उष्णता यांचा अंदाज कायमचा बसतो.

लोणावळ्याचा मुक्काम थोडकाच ठरला. छापखाना मुंबईला दादरला गेला, १९०८ साली पुरुषोत्तम मावजी भागीदार झाले आणि नाव ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ पडलं. १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रं आणायला फाळके जर्मनीला जाऊन आले. या छापखान्याचं ‘सुवर्णमाला’ हे नियतकालिक त्यातल्या रंगीत चित्रांसाठी वाखाणलं गेलं. मग भागीदारांशी बिनसलं आणि फाळके बाहेर पडले. हातात पैसा नव्हता, पुन्हा छपाईच्या धंद्यात पडायचं नव्हतं. १९१०-११ च्या सुमारास गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला, आणि पडद्यावर येशूच्या जागी त्यांना राम आणि कृष्ण दिसू लागले. ही गोष्ट सर्वांना पाठ आहे. मला त्यात एवढंच घालायचं आहे, की येशूच्या जागी कृष्ण पाहणारा हा माणूस वर्षानुवर्षं देवांचेच छाप काढत आला होता. देवाचं चित्र घरोघरी किती आवडीनं घेतलं जातं हे त्याच्याइतकं जवळून फार थोड्यांनी पाहिलं होतं. ते चित्र हलू लागलं तर काय होईल, हा प्रश्न त्याच्या धंद्यातूनच आला.

फोटोग्राफीतून सिनेमाकडे वळलेले ते एकटेच नव्हते. ल्युमिए बंधूंचे खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाले, आणि ते पाहून सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला. तेही व्यवसायानं फोटोग्राफर. १८९९ साली त्यांनी मुंबईत कुस्तीचं चित्रण केलं.

फाळके रोज चार-पाच तास चित्रपट पाहू लागले आणि उरलेल्या वेळात प्रयोग करू लागले. त्यात डोळे गेले. काही काळ दिसेनासंच झालं. उपचारांनी आणि चष्म्यांनी दृष्टी परत आली. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून १ फेब्रुवारी १९१२ ला ते लंडनला निघाले, तिथं ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांना भेटले, सेसिल हेपवर्थचा स्टुडिओ पाहिला, पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा घेतला आणि दोन महिन्यांत परत आले. इतक्या थोड्या दिवसांत एखादा माणूस सिनेमा शिकून येतो याचं नवल केलं जातं. पण लंडनला त्यांना शिकायचं होतं ते यंत्र. काच, रसायन, उजेड, अंधार, धुणं, वाळवणं, दोनदा प्रकाश देऊन एका चित्रात दोन माणसं दाखवणं हे सगळं ते बडोदा, रतलाम, गोध्रा आणि लोणावळ्याला शिकून बसले होते.

परत आल्यावर त्यांनी पहिलं काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभर रोज थोडं थोडं चित्रण केलं. मिनिटभराच्या त्या चित्रफितीत मातीतून कोंब वर येतो, पानं फुटतात, वेल वाढते. ‘अंकुराची वाढ’ हे तिचं नाव. ती पाहून एका ओळखीच्यानं पैसे द्यायची तयारी दाखवली. एका जागी कॅमेरा रोवून रोज ठरल्या उजेडात तेच दृश्य घेत राहणं, मध्ये एक दिवसही न चुकवणं, हे काम ज्याची पुरातत्त्व खात्यात आणि छापखान्यात उमेदवारी झाली त्यालाच सुचतं आणि त्यालाच जमतं.

त्या वेळी कच्ची फिल्म कडेला भोकं न पाडता येई. ती भोकं घरी, अंधारात, एका छोट्या यंत्रावर पाडावी लागत. एकही भोक तिरकं गेलं तर कॅमेऱ्यात फिल्म अडकायची किंवा पडद्यावर चित्र थरथरायचं. दादरच्या घरात हे काम सरस्वतीबाईंनी केलं. दिवसभर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, मुलंबाळं, धुणी, आणि रात्री सगळं निजल्यावर डार्करूम. रसायनं कालवायची, फिल्म धुवायची, ती उकाड्यात मऊ पडून थर सुटणार नाही याची काळजी घ्यायची. पैसे कमी पडले तेव्हा अंगावरचे दागिने दिले. फाळक्यांनी त्यांना हे सारं शिकवलं हे खरं. पण शिकवलेलं इतकं निगुतीनं करणारी व्यक्ती मिळणं हे त्यांचं भाग्य होतं. सरस्वतीबाई आपल्या देशातल्या पहिल्या फिल्म तंत्रज्ञांपैकी एक आहेत. त्यांना नुसतं ‘दादासाहेबांच्या पाठीशी उभी राहिलेली पत्नी’ म्हणणं आता तरी थांबवायला हवं.

कॅमेरा चालवायला फाळक्यांनी मुंबईतला कुणी नावाजलेला फोटोग्राफर बोलावला नाही. त्यांचा त्र्यंबकेश्वरचा जुना मित्र त्र्यंबक बाबूराव तेलंग. त्याला त्यांनी स्वतः कॅमेरा शिकवला आणि विल्यमसनच्या हँडलवर त्याचा हात बसवला. ‘राजा हरिश्चंद्र’ २१ एप्रिल १९१३ ला ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांना दाखवला गेला आणि ३ मे १९१३ ला कोरोनेशनमध्ये लोकांसाठी लागला. हरिश्चंद्र दत्तात्रय दाबके, तारामती अण्णा साळुंके.

पुढच्या वर्षांतही डार्करूम सुटली नाही. १९१५ साली त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ काढला. त्यात आगकाड्या एकेक चित्र घेत हलवून नाचवल्या आहेत. वाटाण्याच्या कुंडीचीच ती पुढची पायरी. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये साळुंक्यांनी राम आणि सीता दोघांचंही काम केलं. ‘चित्रपट कसे तयार करतात’ या छोट्या फितीत फाळके स्वतः काम करताना दिसतात. तिचे अवशेष पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत. फाळके त्यात फिल्मची पट्टी उजेडात धरून पाहतात. निगेटिव्ह पाहायची फोटोग्राफरची सवय आहे ती: नजर आधी गडद भागाकडे जाते, कारण निगेटिव्हमध्ये गडद म्हणजे उजेड.

बोलपटांनी त्यांचा काळ संपवला आणि १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला त्यांचं निधन झालं. चित्रपटांतलेही फार थोडे वाचले. ‘राजा हरिश्चंद्र’ची काही रिळं उरली, ‘कालियामर्दन’ बराचसा शाबूत राहिला, तो पी. के. नायर यांच्यासारख्या संग्राहकांच्या चिकाटीमुळे. पण फोटोग्राफर फाळके? सरकारी फोटोंखाली हाताखालच्या माणसांची नावं छापायची पद्धत नव्हती, आणि रंगीत छापावर मोठं नाव छापलं जाई ते चित्रकाराचं किंवा प्रेसचं. दगडापर्यंत ते चित्र कुणाच्या हातानं पोचलं, हे कुणी लिहून ठेवलं नाही.

तरी सगळंच नाहीसं झालं असेल असं मी मानत नाही. त्या काळी फोटोग्राफर फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवून देत आणि पुठ्ठ्याच्या खाली किंवा मागं आपल्या स्टुडिओचं नाव आणि गाव छापत. बडोदा संस्थानात नोकरीला असलेल्या मराठी घराण्यांच्या ट्रंकांत पणजोबा-पणजींचे असे फोटो अजून आहेत. रविवर्मा प्रेसचे जुने छाप वाड्यांतल्या माळ्यांवर आहेत. आता दिवाळीच्या साफसफाईत ते खाली उतरतील. वाळवीनं खाल्लेली फ्रेम टाकायला हरकत नाही, पण फोटो पुठ्ठ्यापासून सोलू नका. तो उलटा करा, पुसटलेली अक्षरं उन्हात तिरकी धरून वाचा, आणि गाव बडोदा, गोध्रा किंवा लोणावळा असेल तर एखाद्या संग्रहालयाला कळवा.